तरसाचे गहिनाबापू

आमच्या साखर कारखान्याच्या बागेत एक लहानसं प्राणिसंग्रहालय होतं, आणि तिथे आलेल्या माणसाला प्राणी दिसू नयेत म्हणून गहिनाबापू दिवसभर राबत. जाळीला आतून उसाच्या पाचटाचे पडदे बांधत, बाभळीच्या फांद्या रोवत, मातीचे उंचवटे घालत. कोल्ह्याला बीळ, हरणांना आडोसा, मोरांना झुडूप. सहलीला आलेली मुलं जाळीला नाक लावून उभी राहत आणि त्यांना आत पाचट दिसे. कुणी तक्रार केली की बापू समोरच्या बाकाकडे बोट दाखवत.

"त्याला वाटलं तर तो येईल. तुमी बसा."

बापू मूळचे शिरूर कासारकडचे. गावातली निम्मी माणसं दरसाल ऊसतोडीला जात, बापू तरुणपणी एका मोठ्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात गेले आणि तिथेच नोकरी करून म्हातारे झाले. निवृत्त होऊन परत आल्यावर आमच्या चेअरमनसाहेबांनी त्यांना बागेवर नेमलं. मी कारखान्याचं वाचनालय सांभाळत असे. माझी खिडकी बागेकडे उघडायची, त्यामुळे बापूंचा कारभार मला बसल्या जागी दिसे. ते गेल्यापासून ती खिडकी मी सहसा उघडत नाही.

त्यांच्या नोकरीच्या काळात त्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयाची रीत बदलत गेली होती. "पयले आमी लोकांना जनावर दाखवायचो," ते सांगत. "मग साहेब लोकांच्या अन् आमच्या संगटच ध्यानात आलं, जनावराला बी लोकांपासून सुटी पायजे." ही सुटी ते फार मनावर घेत. कुणी जाळी वाजवली तर रागावत नसत. त्या माणसाच्या समोर जाऊन उभे राहत आणि त्याच्याकडे टक लावून बघत. तो अवघडून म्हणे, काय झालं? बापू म्हणत, "काही न्हाई. बघतोय."

त्यांचा खरा जीव होता तरसावर. मादी होती. नारायणगडाच्या बाजूला एका कोरड्या विहिरीत पडली, मागचा पाय कायमचा अधू झाला, म्हणून रानात परत सोडता आली नाही. तरस म्हटलं की आमच्याकडे लोक थुंकतात. बापूंना ते सहन होत नसे. मेलेलं उचलून रान साफ ठेवणारी बाई आहे ती, असं ते ठणकावून सांगत. तिला त्यांनी नाव ठेवलं नव्हतं. नाव ठेवलं की लोक दिवसभर हाका मारत बसतात, हे त्यांचं कारण. स्वतः मात्र ते तिला 'बाई' म्हणत, आणि तेही इतक्या अदबीने, की नव्या माणसाला कुणी शिक्षिका बदलून आल्या असं वाटावं.

बाईंना जेवण कधी समोर मिळत नसे. बापू हाडं पुरून ठेवत, पोत्यात गुंडाळून झाडाला टांगत, दगडाखाली सरकवत. शोधण्यात तिचा दिवस जावा, हा हेतू. आयतं मिळालं की जनावर खुळं होतं, असं ते म्हणत आणि संचालक मंडळाच्या गाड्यांकडे बघत. त्यांच्या पत्नी यमुनाकाकू मला एकदा म्हणाल्या, "सर, एवढं डोकं यांनी आमच्या संसारात चालवलं असतं, तर मी आज माडीवर बसली असती. लग्नात सवत न्हाई मिळाली, म्हातारपणी मिळाली."

एकदा चेअरमनसाहेब एका बड्या पाहुण्यांना तरस दाखवायला घेऊन आले. बापूंनी दोघांना बाकावर बसवलं. अर्धा तास पाचट बघून झाल्यावर साहेबांना कारखान्यात बोलावणं आलं आणि ते गेले. दुपारची वेळ, सावली गार. पाहुणे बसल्या बसल्या घोरू लागले. तशा बाई बाहेर आल्या, जाळीपाशी उभ्या राहून त्यांना नीट न्याहाळलं, आणि परत आत गेल्या. साहेब परत आले तेव्हा पाहुणे डोळे चोळत होते.

"बापू, कावून जागं केलं न्हाई त्यांना?"

"मग ती गेली असती ना. पाव्हणे गप पडले म्हणून तर आली."

साहेब पाहुण्यांना घेऊन चहाला गेले. त्यांनीच नेमलेला माणूस होता.

मग लागोपाठ पाऊस हुकला. ऊसच नव्हता, त्यामुळे गळीत हंगाम झाला नाही. ऊसतोडीच्या टोळ्या दूरच्या कारखान्यांकडे निघून गेल्या, वसाहतीत टँकर येऊ लागला. बापू आपल्या वाट्याच्या पाण्यातून बाईंची कुंडी भरत. टँकरच्या रांगेत एकाने टोमणा मारला, "माणसाला प्यायला न्हाई अन् तरसाला आंघोळ, व्हय बे?" बापू म्हणाले, "तुझं न्हाई घेतलं. माझ्या अंगाचा वास येतोय का बघ." वास येत होता. रांग हसली आणि विषय मिटला.

शेवटी मंडळाने बाग बंद करायचं ठरवलं. बापूंनी नोकरी केली त्याच शहरातल्या प्राणिसंग्रहालयाने सगळी जनावरं घ्यायची तयारी दाखवली. बाकीच्यांची चिंता नव्हती. अडचण बाईंची होती. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं की वय झालंय, उन्हाळ्याने खंगलीय, भुलीचं इंजेक्शन दिलं तर उठेलच असं नाही. म्हणजे तिने आपल्या पायांनी पेटीत जायला हवं होतं.

बापूंनी पेटी मागितली. वर्कशॉपने चांगली भक्कम बनवली. पण हंगाम नसल्यामुळे त्या वर्षी ना पहिल्या उसाच्या मोळीचं पूजन झालं होतं ना बॉयलर पेटला होता, आणि मंडळाला समारंभाची सवय. त्यांनी पेटीला लाल ऑइलपेंट दिला, वर कारखान्याचं नाव घातलं, हार चढवला, उदबत्त्या लावल्या, नारळ फोडला, गुलाल टाकला. बापू फेटा बांधून रांगेत उभे होते. त्यांनीही हळदकुंकू वाहिलं. मग पेटी आत ठेवली. बाईंनी एकदा वास घेतला आणि त्या पार टोकाच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. दोन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत.

"मीच गाढव," बापू मला म्हणाले. "उदबत्तीचा मला बी मोह झाला."

त्यांनी पेटी बाहेर ओढली. रंग खरवडला, माती आणि पाचट चोळलं, उन्हात टाकली, आणि तिच्या बिळातली जुनी माती तळाला पसरून पेटी परत आत ठेवली. मग सुरू झाली ती वाट बघण्याची नोकरी. आज हाड पेटीच्या बाहेर, उद्या उंबऱ्यावर, परवा जरा आत. एखाद्या दिवशी ती यायचीच नाही. बापू कुरकुर न करता आदल्या दिवशीच्या जागी हाड ठेवत. पुढे पुढे त्यांनी हाड ठेवायला मला पाठवलं, मग वॉचमनला. तिकडे आपण नसणार, तिला कुणाच्याही हातचं गोड लागलं पाहिजे, असं म्हणून ते स्वतः लांब टाकीमागे जाऊन बसत. वाऱ्याची दिशा बघून बसत.

ट्रक आला त्या दिवशी सगळा कारखाना गोळा झाला. बापूंनी चेअरमनसाहेबांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. साहेबांनी मोठ्या आवाजात जाहीर केलं की कँटीनमध्ये चहा आणि भाषण आहे. सगळे तिकडे गेले. भाषण मुद्दाम लांबवलं, हे त्यांचं मोठेपण. डॉक्टर सुई तयार ठेवून ट्रकमागे थांबले. बापूंनी दार वर ओढून धरलं आणि मान खाली घालून उभे राहिले. हाक नाही, चुचकारणं नाही.

बाई आल्या. लंगडत, थांबत, आत गेल्या आणि हाड चघळू लागल्या. बापूंनी दार इतकं सावकाश सोडलं की आवाज झाला नाही. डॉक्टरांनी सुई पिशवीत ठेवली.

पुढच्या साली पाऊस झाला. तिकडून निरोप आला की बाई सुखरूप आहेत, हिंडायला मोठी जागा आहे. शहराला नाक्यावरून थेट एसटी होती. बापू का जात नाहीत, हे मला कळेना. काकूंनी सांगितलं की दोनदा निघाले होते, धुतलेलं धोतर नेसून, भाकरी बांधून. दोन्ही वेळा नाक्यावरून परत आले आणि भाकरी घरी बसून खाल्ली.

मी त्यांना विचारलं. बापू तळहात चोळत म्हणाले,

"मी गेलो की वासानं वळखंल ती, सर. उठून जाळीपाशी यील. पाय दुखतो तिचा. कशाला उठवायची."