चंद्राबाईंचा भाडेकरू

पाणंद अपार्टमेंटमधला चारशे तीन नंबरचा फ्लॅट चंद्राबाई नावाच्या म्हशीच्या मालकीचा आहे आणि मारुती गवळी तिथं त्यांचा भाडेकरू म्हणून राहतो.

हे सगळं रीतसर झालेलं आहे. कोल्हापूर वाढत वाढत इथवर आलं, तेव्हा या जागेवर एक गोठा होता. बिल्डरचा माणूस दुपारी चौकशीला आला आणि आत कोण राहतं, असं त्यानं विचारलं. आत चंद्राबाई होत्या. मारुती दारात बाजेवर आडवा झाला होता. त्यानं खरं तेच सांगितलं. राहणाऱ्याला फ्लॅट मिळाला. बाहेर झोपणाऱ्याला कोण फ्लॅट देतं? मारुतीला त्याचं वाईट वाटलं नाही. त्यानं इमारतभर पेढे वाटले, तेही चंद्राबाईंच्याच दुधाचे.

सभासद म्हणून चंद्राबाईंना नाव ठेवायला जागा नाही. त्या लिफ्ट अडवत नाहीत, जिन्यानं जातात. गच्चीवर पापड वाळत घातले तरी तोंड लावत नाहीत. शेजारच्या सबनिसांच्या नातवंडांबद्दल मात्र तसं सांगता येत नाही.

तक्रार होती ती मारुतीबद्दल. रोज संध्याकाळी चंद्राबाई तिकटीवर, म्हणजे जवळच्या तिठ्यावर जातात. तिथं लोक धारोष्ण दुधासाठी पेले घेऊन उभे असतात. पण दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात मोटारसायकलमागं म्हशी पळवतात, ती सवय त्यांना लहानपणीच लावलेली, त्यामुळं फटफटीच्या आवाजाशिवाय त्या पाऊल उचलत नाहीत. म्हणून मारुती सायलेन्सर काढलेली फटफटी चौथ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये चालू करी आणि जिन्यानं खाली नेई. एकशे दोनमधल्या सेक्रेटरी खर्डेकरांना संध्याकाळच्या बातम्यांमधलं एक अक्षर ऐकू येत नसे.

खर्डेकरांनी ठराव आणला. फटफटी आजपासून बंद. रविवारच्या सभेत मालकीणबाईंनी स्वतः येऊन ज्याच्याजवळ उभं राहावं, तोच त्यांचा भाडेकरू. दुसऱ्या कुणी तिथं भाडेकरू म्हणून राहायचं नाही.

मारुती टोपी काढून उभा राहिला. "सायेब, हिचा उसासा ऐकल्याबिगर मला झोप लागत न्हाई," तो म्हणाला. "मी जाऊ कुठं?"

शेजारी म्हणून मला त्याची फार दया आली. पण दया विषयपत्रिकेवर नव्हती.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. चंद्राबाई काही उतरेनात. मारुतीनं सरकीची पेंड दाखवली, हाका मारल्या. फटफटी शेजारीच होती, पण बंदी म्हणजे बंदी. त्यानं किल्लीला हात लावला नाही. सभासद आल्याशिवाय सभा सुरू होईना आणि टाकीच्या गळतीचा विषय खोळंबला. शेवटी बावडेकर काकूंनी मुद्दा काढला, की तोंडानं आवाज करायला बंदी नाही. मग सगळ्यांनी मिळून तो केला. फट् फट् फट् फट्. खर्डेकरांना सभा आटोपायची घाई होती, म्हणून त्यांनी सर्वांत जास्त जोर लावला. मध्ये एकदा गियरही बदलला.

चंद्राबाई खाली आल्या. मारुतीनं हात पुढं केला. त्याच्याजवळून पुढं जाऊन त्या खर्डेकरांच्या मागं उभ्या राहिल्या.

ठराव खर्डेकरांचाच होता, त्यामुळं त्यांना बोलायला तोंड नव्हतं. खर्डेकरवहिनींनी नवऱ्याची वळकटी त्याच संध्याकाळी चारशे तीनमध्ये पोचवली. मारुती आपली पत्र्याची पेटी घेऊन फाटकाबाहेर जाऊन बसला.

सकाळी खर्डेकर धार काढायला बसले. चंद्राबाईंनी पान्हा चोरला. दुसऱ्या दिवशीही चोरला. तिकटीवरचे लोक रिकामे पेले घेऊन आमच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा खर्डेकर फाटकाशी गेले.

"मारुतराव, वर चला," ते म्हणाले.

"कुठल्या नात्यानं?" मारुतीनं विचारलं. त्यालाही आता नियम कळायला लागले होते.

"आमचा पोटभाडेकरू म्हणून."

मारुतीनं पेटी उचलली.

हल्ली संध्याकाळी तिघं एकदमच जिना उतरतात. पुढं खर्डेकर तोंडानं फटफटी चालवत, मागं चंद्राबाई आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून मारुती. गियर खर्डेकरांचाच चांगला पडतो, हे मारुती मोकळ्या मनानं मान्य करतो.

गेल्या आठवड्यात सभेनं जुना ठराव मागं घेतला आणि वहिनी खर्डेकरांना न्यायला वर आल्या. उसासा ऐकल्याशिवाय आता झोप लागत नाही, असं त्यांना सांगून खर्डेकरांनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.