गंगीची मोटार

इरण्णांच्या टांग्यात बसायचं तर आधी त्यांच्या घोडीला तुम्ही पसंत पडावं लागायचं. गिऱ्हाइकानं गंगीच्या तोंडापुढं हात धरायचा. तिनं हुंगून कान पुढं केले तर बसा, कान मागं पाडले तर इरण्णा हात जोडून म्हणत, "दुसरा टांगा बगा, मालक. तिचं मन न्हाय." आमचे मामंजी कचेरीत शिरस्तेदार, मानाचा माणूस. गंगीनं त्यांना भर बाळीवेशीच्या चौकात नापास केलं. मामंजी तणतणत पायी घरी आले आणि जेवायला बसल्यावर हळूच मला म्हणाले, "सूनबाई, माझ्या हाताला कसला वास येतो का गं?"

इरण्णांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी काशी, ती मोहोळात दिलेली. "घरात दोन माणसं हाय," असं ते सांगत. दुसरं माणूस म्हणजे गंगी. आमच्याशी मराठी बोलत, पण गंगीशी फक्त कानडी. सकाळी "बारव्वा, बा", म्हणजे 'ये गं बाई, ये', अशी तिची मनधरणी सुरू झाली की मी चहाचं आधण ठेवायची. घोडीचे इतके लाड कशाला म्हणून विचारावं, तर उत्तर ठरलेलं. "जनावर हाय ते, वैनी. मोटार न्हाय."

मोटार हा शब्द ते शिवी हासडावी तसा उच्चारत. उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी सुरू झाल्यापासून टांग्याकडे कोण फिरकतंय? त्यात आणखी हे गंगीच्या पसंतीचं त्रांगडं! धंदा पार बसला.

वर्षातली एक फेरी मात्र कधी चुकली नाही. पंचमीला काशीला माहेरी आणायची. मुलीला सासरहून आणायला मुराळी म्हणून भाऊ जातो. काशीला भाऊ नाही. मग गंगीच तिची मुराळी. टांगा दारात उभा राहिला की काशी गंगीच्या पायावर पाणी घालायची, कपाळाला कुंकू लावायची. पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावाचा उपवास करतात, तोसुद्धा ती गंगीच्या नावानं धरायची. सासू हसायची म्हणे. "हासू द्या की," इरण्णा म्हणत. "उपाशी माझी पोर ऱ्हाती, तिचं काय जातंय?"

आणि एका श्रावणात गंगीचे गुडघे धरले. हौदापर्यंत लंगडत जायची, पण मोहोळ कुठलं जमायला! मी म्हटलं, इरण्णा, आगगाडीनं जाऊन घेऊन या काशीला. धुतलेलं धोतर नेसून, लाल पटका बांधून गेलेसुद्धा स्टेशनवर. दुपारी एकटेच परत.

"का हो? गाडी चुकली?"

"आगगाडीला कुक्कू लावायचं का पोरीनं?"

माझं डोकंच फिरलं. "अहो, लेक तिकडे दाराकडे डोळे लावून बसली असेल, आणि तुमचं आपलं घोडीपुराण! हट्ट तरी किती करावा माणसानं?" इरण्णा पटका सोडून गंगीपाशी जाऊन बसले. ती पंचमी काशीविना गेली. आळीतल्या पोरी झिम्मा खेळत होत्या आणि शेजारचं दार बंद होतं. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी श्रावण तोंडावर आला आणि इरण्णांच्या अंगणात चक्क मोटार येऊन उभी राहिली! एका पाववाल्याची बंद पेटीची मोटार होती. त्याला पेट्रोल परवडेना. इरण्णांनी आपला टांगा त्याला देऊन टाकला आणि मोटार घेतली. पेटीवर हा एवढा मोठा पाव रंगवलेला.

"इरण्णा, तुम्ही आणि मोटार?"

"माझ्यासाटी न्हाय. गंगीला बसवून मोहोळला न्यायची."

मी कपाळाला हात लावला. दुरुस्तीवाले कासीमभाई मोटार घेऊन आले होते, तेच चालवणार होते. तेही डोकं खाजवत म्हणाले, "छत तो काटनाच पडेंगा, अण्णा."

मग काय, ठोकाठोक! पत्रा कापला, बांबू लावून ताडपत्रीचं उंच छप्पर चढवलं. तळाला बाभळीच्या फळ्या, त्यांवर काथ्याचं जाड पायपुसणं, पाय सरकू नये म्हणून. मागं उतरती फळी, तिच्यावर आडव्या पट्ट्या. बाजूंना घोडी आपटू नये म्हणून गोधड्या ठोकल्या. त्यातली एक माझी, चांगली धडकी. मी कटकट केली, पण दिली. ह्या साली काशी यावी असं मलाही फार वाटत होतं.

निघायच्या दिवशी अख्खी आळी जमली. इरण्णांनी गंगीला फळीपाशी आणलं. ती काही पाय टाकेना. गूळ दाखवला, कानडी झाली, कासीमभाईंनी मागून रेटलं. ढिम्म! इरण्णांनी दमून दोरी सोडली, तर बाईसाहेब लंगडत मोटारीला वळसा घालून पुढं गेल्या, मोटारीकडे पाठ केली, दोन पावलं मागं सरल्या आणि इंजिनासमोर झोकात उभ्या राहिल्या. साज चढवा म्हणून! जन्मभर गाडी तिच्या पाठीमागं राहिलेली; गाडी दिसली की पुढं उभं राहायचं, एवढंच तिला ठाऊक. आळी पोट धरून हसली. इरण्णा मात्र हसले नाहीत. तिच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "अजून वढायचं म्हंती बगा. ह्या गुडग्यांनी."

मग त्यांनी तिला मागच्या फळीकडे पाठ करून उभं केलं आणि टांग्याला जोडताना द्यायचे तशी हाळी दिली. गंगी उलटी, एकेक पाऊल मागं टाकत, राणीसारखी आत गेली. पावाच्या चित्रावरून तिचं तोंड बाहेर डोकावत होतं आणि मोटार धूर सोडत मोहोळच्या रस्त्याला लागली.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मोटार परत आली. मी भाकरतुकडा घेऊन धावले. पुढं कासीमभाई आणि इरण्णा. काशी नाही!

"मागं हाय, गंगीजवळ," इरण्णा म्हणाले.

"मग उघडा की फळी!"

पण ते खाली उतरून, पाठ करून, चाक दाबून बघायला लागले. चाकातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

"थांबा वैनी," ते हळू म्हणाले. "झालं न्हाय तिचं अजून." आणि मग आतलं मुसमुसणं मलाही ऐकू आलं. "मला बगितलं की पोर हासती. लई सुखात हाय म्हंती. रडायला तिला गंगीच लागती. वर्सातनं एकदा मोकळं हुती, ते गेल्या साली ऱ्हायलं. मी एकटा जाऊन काय करू, सांगा?"

माझा भाकरतुकडा हातातच राहिला. मी विचारलं, "आणि तुम्ही हो, इरण्णा?"

"माझं काय, वैनी?" चाकावरचा हात न काढता ते म्हणाले. "माझ्याजवळ गंगी रोजचीच हाय की."