दुपारी दोन ते सहा

सामाजिक प्रश्न दोन प्रकारचे असतात: साठ सेकंदांत मावणारे आणि न मावणारे. न मावणारे प्रश्न सरकार, न्यायालयं आणि चळवळी वर्षानुवर्षं सांभाळून ठेवतात. मावणारे प्रश्न कॉलेजच्या मुलांकडे येतात आणि शुक्रवारच्या सबमिशनच्या आत सुटतात.

असा एक प्रश्न सुटताना जवळून पाहण्याचं भाग्य आमच्या 'चंद्रोदय' सहकारी गृहनिर्माण संस्थेला लाभलं. आमची इमारत शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत आहे. तीन मजले, बारा बिऱ्हाडं. लिफ्ट नाही, पण संस्कार आहेत. मी या संस्थेचा सेक्रेटरी. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला अधिकाराची सवय मोडायला थोडा वेळ लागतो. तो वेळ मी या पदावर काढतो आहे (सध्या अकरावं वर्ष चालू आहे).

पहिल्या मजल्यावरची अवनी मास मीडियाला आहे. ती एके दिवशी माझ्याकडे आली.

"काका, आम्हाला एक ॲड करायचीये. एनजीओसाठी, फुकट. आमच्याच घरात शूट करू. कुणाला त्रास नाही."

"विषय काय?"

"डोमेस्टिक व्हायोलन्स. म्हणजे नवरा बायकोला मारतो ते."

"आपल्या इमारतीत?"

"नाही हो काका, ॲडमध्ये!"

माझा जीव भांड्यात पडला. तरी रीतसर कमिटीची सभा बोलावली. चर्चा गंभीर झाली. असल्या जाहिरातीत आपली इमारत दिसली तर असले प्रकार आपल्याकडे होतात असा समज पसरेल आणि जागांचे भाव पडतील, असा मुद्दा तीन सभासदांनी वेगवेगळ्या शब्दांत मांडला. शेवटी आमचे खजिनदार माधवराव उभे राहिले. माधवराव बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी असतात. राहतात अवनीच्या बरोबर वर, दुसऱ्या मजल्यावर, माझ्या शेजारी. अत्यंत सज्जन माणूस. जिन्यात बाई दिसली की आधी तिला वाट देतात, आणि सत्यनारायणाचा प्रसाद दरवर्षी त्यांच्याकडून असतो.

"विषय चांगला आहे," माधवराव म्हणाले. "समाजात जागृती व्हायलाच हवी. मुलांना परवानगी देऊया."

ठराव एकमताने मंजूर झाला. वेळ दुपारी दोन ते सहा, कारण तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतून उजेड चांगला येतो. अट एकच, इमारतीच्या नावाची पाटी चादरीने झाकून ठेवावी. चादर माधवरावांनी दिली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, जाहिरात म्हणजे कॅमेरा लावला की झालं. तसं नसतं. आधी मारणारा नवरा ठरवावा लागतो. अवनीने पहिल्यांदा लालबागचा एक दारुडा कामगार लिहिला होता. तिच्या सरांनी त्यावर वर्गीय पूर्वग्रहाचा शेरा मारला. मग तिने परळच्या नव्या टॉवरमधला मोठा साहेब घेतला. त्यावर प्रायोजकांनी (ते प्रेशर कुकर बनवतात) कळवलं, की टॉवरमधले साहेब लोक आमचे ग्राहक आहेत. आडनाव ठेवावं तर जात कळते, भाषा ठेवावी तर प्रांत कळतो. म्हणून नवऱ्याचं आडनाव गेलं, मग वाचा गेली, मग चेहरा गेला. फक्त हात उरला. पण हाताला अंगठी असली तर धर्म येतो आणि घड्याळ असलं तर पगार येतो. अखेर सर्व संबंधितांच्या संमतीने पडद्यावरची एक सावली बायकोला मारेल असं ठरलं. सावलीच्या वतीने कोणीही हरकत घेतली नाही. एनजीओला आवडलेलं घोषवाक्यही त्याच बैठकीत पक्कं झालं: 'ऐकू आलं, तर बोला.'

सावलीचं काम गिरगावच्या एल्रॉयने केलं. मुलगा इतका सभ्य, की प्रत्येक फटक्यानंतर ओलिव्हियाला "सॉरी हं" म्हणायचा. ओलिव्हिया म्हणजे बायको झालेली मुलगी. त्यामुळे सावली दर वेळी मारून झाल्यावर कमरेत वाकून माफी मागताना दिसू लागली. सरांना हे वास्तवापासून फार दूर वाटलं.

वास्तवाचा आग्रह धरणारा माणूस पुढे कुठे थांबेल सांगता येत नाही. पहिल्याच दिवशी ओलिव्हियाच्या दंडावर मेकअपने काळानिळा डाग काढला होता. सर म्हणाले, शाईचा वाटतो. तो पुसून दुसरा काढला, तो जांभळाचा वाटला. सगळे जिन्यात उजेडाला उभे राहून तो दंड बघत होते, तेवढ्यात माधवरावांच्या सौभाग्यवती राजलक्ष्मीवहिनी भाजी घेऊन वर निघाल्या होत्या. त्या थांबल्या. पिशवी खाली ठेवली. चष्मा वर करून त्यांनी नीट पाहिलं.

"कडेने पिवळं करा," त्या म्हणाल्या. "दोन-तीन दिवसांनी कडेने पिवळं होतं. आणि मधे एवढं गोल नको, बोटांचे लांबट उठतात."

तसं करताच डाग हुबेहूब झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी वहिनींच्या निरीक्षणशक्तीचं मनापासून कौतुक केलं आणि जाहिरातीच्या शेवटी त्यांचे विशेष आभार मानायचं ठरवलं. वहिनी पिशवी उचलून, लांब बाह्या मनगटापर्यंत नीट ओढून वर गेल्या. (वहिनींना बारा महिने लांब बाह्यांची आवड आहे.)

त्याच दुपारी साडेतीनच्या सुमारास एक तांत्रिक अडचण उद्भवली. ध्वनिमुद्रण करणाऱ्या विहंगने कानावरचे हेडफोन काढले.

"कट, कट! वरून आवाज येतोय, यार."

"कसला?"

"काहीतरी पडलं. मग माणूस ओरडला. मग बाई ओरडली. पूर्ण टेकची वाट लागली."

एल्रॉयने छताकडे पाहिलं. ओलिव्हिया म्हणाली, "अंकल, वरती जाऊन बघायला पाहिजे ना?" मुलीची कामावरची निष्ठा मला आवडली. मी सेक्रेटरी या नात्याने तडक वर गेलो.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. माधवरावांची आणि माझी भिंत सामाईक आहे. माझ्या टीव्हीचा आवाज एरवी अठरा आकड्यावर असतो. काही संध्याकाळी तो तिसापर्यंत न्यावा लागतो. पण शेजारधर्म म्हणून मी त्याबद्दल आजवर ब्र काढलेला नाही. या वेळी मात्र प्रश्न माझ्या एकट्याचा नव्हता, मुलांच्या भवितव्याचा होता.

माधवरावांनी दार उघडलं. थोडी धाप लागली होती, केस विस्कटले होते. मी अडचण सांगितली.

"अरेरे, सॉरी हं!" ते म्हणाले. "लक्षातच राहिलं नाही. किती वाजेपर्यंत आहे मुलांचं?"

"सहापर्यंत."

"मग काही प्रश्नच नाही. सहानंतर बघू."

आजच्या काळात इतकं सहकार्य कोण करतं? आणि शब्दाला जागणारा माणूस. त्यानंतर शूटिंगच्या एकाही दुपारी दोन ते सहा या वेळात वरून चकार शब्द ऐकू आला नाही. (सहानंतर माझा टीव्ही बत्तिसावर गेला. तो आकडा या संचाने पूर्वी पाहिलेला नव्हता.)

वहिनी त्या वेळी माधवरावांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, शूटिंग आणखी किती दिवस आहे?"

"चार दिवस. त्रास होतोय का?"

"नाही, नाही," वहिनी घाईघाईने म्हणाल्या. "होऊ दे की सावकाश."

दुसऱ्या दिवसापासून रोज दोनच्या ठोक्याला मुलांसाठी वरून चहा येऊ लागला. वहिनी स्वतः घेऊन यायच्या आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहायच्या. कुणाच्या अंगावर कॅमेऱ्याची तार आली तर बाजूला व्हायच्या, परत बसायच्या. एकदा तर त्या बसल्या-बसल्या चक्क झोपी गेल्या. मुलं मारहाणीचा सीन करत होती आणि या बाई तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या. कलेविषयी इतकी अनास्था बरी नव्हे, असं मला वाटून गेलं.

शेवटच्या दिवशी एकच शॉट उरला होता. ओलिव्हियाचा चेहरा, दहा सेकंद संपूर्ण शांतता, मग घोषवाक्य. पहिल्या टेकला वरून वाटी पडली. दुसऱ्याला पातेलं. तिसऱ्याला तांब्या पडला आणि बराच वेळ गडगडत राहिला. मी पुन्हा वर गेलो. माधवराव आरामखुर्चीत पेपर वाचत होते. दार वहिनींनी उघडलं.

"हातातून निसटलं, भाऊजी."

"जरा सांभाळा वहिनी. एवढा एक शॉट झाला की मुलं मोकळी."

"म्हणजे उद्या नाही येणार?"

"कशाला येतील?"

"आणि नाही झाला शॉट, तर?"

"तर यावंच लागेल बिचाऱ्यांना."

वहिनींनी समजल्यासारखी मान हलवली. मी जिना उतरलो, अवनी 'ॲक्शन' म्हणाली आणि वर परात पडली.

अशी त्या दिवशी सतरा भांडी पडली. शूटिंग एक दिवस वाढवलं, मग आणखी एक. त्या दोन्ही दिवशी पुन्हा भांडी पडली. वय झालं की हाताला कंप सुटतो हे मी समजू शकतो, पण कमिटीच्या परवानगीला दोनदा मुदतवाढ द्यायची म्हणजे त्यालाही काही मर्यादा आहेत. अवनी रडकुंडीला आली. शेवटी विहंगने तोडगा काढला. तो म्हणाला, शांतता इथेच मिळाली पाहिजे असं काही नाही; कॉलेजच्या स्टुडिओतून आणून नंतर चिकटवता येते. चित्र तेवढं घेऊन टाकू. भांडी पडतात तर पडू देत.

त्यामुळे काम चारलाच आटोपलं. मुलं दिवे उतरवत होती तेव्हा वहिनी बटाटेवड्यांचं ताट घेऊन खाली आल्या.

"इतक्यात? अजून सहा वाजायचेत!"

"पॅकअप, आंटी," एल्रॉय म्हणाला.

वहिनी ताट धरून तशाच उभ्या राहिल्या. ओलिव्हियाने ते ताट त्यांच्या हातातून घेतलं आणि हळूच विचारलं, "आंटी, तुम्ही बऱ्या आहात ना?" तेवढ्यात वरच्या कठड्यावरून माधवराव वाकले. "छान झालं ना सगळं?" त्यांनी हसून विचारलं. वहिनी म्हणाल्या, "वडे गरम आहेत तोवर खाऊन घ्या," आणि एकेक पायरी चढत वर गेल्या.

जाहिरात तयार झाली, पण सरांना एक गोष्ट खटकत होती. ओलिव्हियाची किंकाळी त्यांना अभिनयासारखी वाटत होती. तेव्हा विहंगला पहिल्या दिवसाचा वाया गेलेला टेक आठवला. त्यात वरून आलेली किंकाळी त्याने तिथून उचलून लावली.

"सर, ती खरी आहे," ओलिव्हिया म्हणाली.

"म्हणूनच तर!" सर म्हणाले.

बाईंची परवानगी घ्यावी का, अशीही चर्चा झाली. सरांनी शांतपणे समजावलं, की परवानगी मागायची म्हणजे ती किंकाळी कुणाची हे आपल्याला माहीत आहे असं कबूल करणं आलं. आणि एकदा माहीत आहे म्हटलं की आपल्याच घोषवाक्याप्रमाणे बोलावं लागेल. सबमिशन तर शुक्रवारी होतं. ओलिव्हिया त्यानंतर संकलनाला आली नाही. कलावंत मनस्वी असतात.

जाहिरातीला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिला क्रमांक मिळाला. ध्वनीसाठी वेगळं पारितोषिक होतं, तेही मिळालं. परीक्षकांनी म्हटलं, की ही किंकाळी ऐकून झोप उडते. (मला तसा अनुभव नाही, पण माझी सवय जुनी आहे.)

सत्यनारायणाच्या पूजेला गच्चीवर पडदा लावून ती जाहिरात सर्व सभासदांना दाखवली. मुलांचा सत्कार माधवरावांच्या हस्ते शाल-श्रीफळ देऊन झाला. वहिनी बायकांच्या पहिल्या रांगेत होत्या. किंकाळीच्या जागी त्यांनी तोंडावर हात धरला आणि दिवे लागले तरी काढला नाही. सगळीकडे टाळ्या चालू होत्या. बाराही बिऱ्हाडं भारावून गेली होती. वहिनी गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आल्या.

"भाऊजी, हे सगळ्यांनी ऐकलं?"

"सगळ्यांनी, वहिनी."

"मग?"

"मग काय! सगळ्यांना खूप आवडलं."

वहिनी मग प्रसादाचे द्रोण भरायला गेल्या. पुढच्या वर्षी पुन्हा शूटिंग आहे का, हे त्यांनी जाताना विचारलं. मी सांगितलं, की आहे, पण विषय पाणी वाचवण्याचा आहे आणि तो गच्चीवरच्या टाकीपाशी एका सकाळीच उरकणार आहे.

जाहिरात आता सगळीकडे फिरते आहे. तुमच्याही सोसायटीच्या ग्रुपवर आली असेलच. तुम्ही ती पाहिलीत, गलबललात, खाली जोडलेले हात टाकलेत आणि आणखी तीन ग्रुपवर पाठवलीत, याबद्दल संस्था आपली आभारी आहे. फक्त काही प्रेक्षकांची एक तक्रार आमच्यापर्यंत आली आहे, की जाहिरात मधेच थांबवली तरी किंकाळी थांबत नाही. आम्ही तपासून घेतलं. जाहिरातीत दोष नाही. तो आवाज तुमच्या भिंतीपलीकडून येतो आहे. अशा वेळी इयरफोन लावून जाहिरात पुन्हा पहिल्यापासून पाहावी. बहुतेकांनी तसंच केलं आहे, आणि तुम्हीही केलं असेल.