इंजिनाखालची ढाल

"ती प्लेट आज बसता कामा नये," चहाचा ट्रे त्याच्या हातात देत बायको कुजबुजली. "बसली, की बाबा लगेच मोटारसायकल काढून खिंडीकडे निघतील. या वयात, त्या रस्त्यावर, आणि वर आईला मागे बसवून! काही झालं ना, तर मी तुझं तोंड बघणार नाही."

"पण त्यांनी मला मदतीला बोलावलंय."

"मग कर ना मदत. फक्त प्लेट बसू देऊ नकोस."

तो ग्रंथपाल होता. भीती त्याच्याकडे पाहुणी म्हणून येत नसे. ती घरचीच होती आणि सकाळी त्याच्या आधी उठत असे. आज मात्र ती दोन्ही बाजूंनी आली होती. सासऱ्यांना थांबवले नाही तर बायको होती, आणि थांबवताना पकडला गेलाच तर सासरे होते.

मोटारघराच्या दारातून आलेला उजेड त्या काळ्या मोटारसायकलपाशी बिचकून थांबल्यासारखा दिसत होता. उंच, रुंद खांद्यांची, डोंगरवाटांसाठी घडवलेली ती गाडी स्टँडवर उभी होती आणि तिच्या पोटाखाली सासरे सतरंजीवर उताणे पडले होते. आयुष्यभर लोकांच्या तोंडात वाकून पाहणारा हा दंतवैद्य निवृत्तीनंतर खालून वर पाहू लागला होता. सरंजाम तोच होता: कपाळाला दवाखान्यातला दिवा, हातात दात तपासायचा चिमुकला आरसा आणि शेजारी पाने, वॉशर आणि स्टीलच्या ट्रेमध्ये चार बोल्ट.

"या, जावईबापू. धरा ही."

ही म्हणजे स्किड प्लेट. चाकाखालून उसळणाऱ्या दगडांनी इंजिन फुटू नये म्हणून त्याच्या पोटाखाली आवळायची ॲल्युमिनियमची जाड, वाकवलेली ढाल. हिच्याशिवाय खिंडीत जाणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल, असे सासऱ्यांनीच जाहीर केले होते. त्याआधी धुक्यात लागणाऱ्या दिव्यांसाठी बेत पुढे ढकलला गेला होता. त्याही आधी हँडलच्या गार्डसाठी.

जावयाने चहा बाजूला ठेवला आणि प्लेट दोन्ही तळव्यांवर पेलली. पुढचे दोन बोल्ट बसले. सासरे आरशातून काहीतरी निरखत होते. तेवढ्यात त्याच्या हाताने, त्याला न विचारताच म्हणावे अशा तऱ्हेने, ट्रेमधला एक बोल्ट उचलून खिशात सोडला. तो थंड धातू मांडीला टेकला आणि सगळ्या शरीरात ओरडू लागला.

"आता मागचा द्या."

त्याने ट्रेकडे पाहिले. तिथे एक तरी बोल्ट उरायला हवा होता. ट्रे रिकामा होता.

"नाहीयेत, बाबा," तो कसाबसा म्हणाला. "मागचे दोन्ही नाहीयेत."

"दोन्ही?" सासरे एवढ्या जोरात उठले, की कपाळावरचा दिवा सायलेन्सरवर आपटला. "दोन्ही कसे नसतील? एक तरी..." आणि ते मध्येच थांबले.

मग दोघे जमिनीवर रांगू लागले. जावई मनात हिशोब करत होता. एक बोल्ट आपण घेतला. मग दुसरा कोणी नेला? आणि आता झडती झालीच, तर दोन्ही आपल्याच नावावर लागणार.

"इंजिनात तर गेला नसेल ना?" त्याने विचारले.

"बाहेरून आत कसा जाईल?" सासरे म्हणाले, पण आरसा घेऊन त्यांनी वाकून पाहिलेच. "तसं काही सांगता येत नाही म्हणा. माझ्या एका पेशंटने खुर्चीत बसल्या बसल्या सोन्याची कॅप गिळली होती."

जावई गाडीला वळसा घालून परत ट्रेपाशी आला आणि जागीच गोठला. मघाच्या रिकाम्या ट्रेमध्ये एक बोल्ट होता. कोणी आले नव्हते, काही वाजले नव्हते. नुसता पडला होता, शांत आणि चकचकीत, जणू इतका वेळ त्याचीच वाट पाहत. विचार करण्याच्या अवस्थेत तो नव्हता. त्याने तोही बोल्ट उचलला आणि खिशात घातला.

क्षणभराने गाडीच्या पलीकडून सासऱ्यांचे डोके वर आले. त्यांनी ट्रेकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा भूल दिल्यासारखा सैल पडला.

"जावईबापू," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "या गाडीत काहीतरी आहे. आजचं रद्द."

"काय रद्द?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. अंगात नवे कोरे जाड जॅकेट, पायात बूट, काखेत हेल्मेट. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या त्या बाईंनी सतरंजी पाहिली, रिकामा ट्रे पाहिला आणि गुडघ्यांवर बसलेले दोन पुरुष पाहिले.

"बोल्ट हरवलेत," सासरे म्हणाले.

"हरवलेत काय? उभे राहा दोघं. खिसे उलटे करा."

"अगं, काहीतरीच काय! जावई आहेत ते."

"खिसे."

जावयाच्या खिशातून एक बोल्ट पडला. मग दुसरा पडला.

"दोन्ही तुमच्याकडे?" सासऱ्यांच्या जिवात जीव आला. "अहो, घाबरवून मारलंत की मला! मी ठेवला आणि मागे वळून बघतो तर..."

"ठेवला?" सासूबाईंनी विचारले. "ठेवला म्हणजे आधी उचलला होता?"

सासऱ्यांनी कपाळावरचा दिवा विझवला.

"मला भीती वाटते गं त्या खिंडीची," शेवटी सासरे म्हणाले. "दुकानात गाडी उभी होती, म्हणून घेतली. उभ्या गाडीची भीती नाही वाटत."

"मग हे दिवे, ते गार्ड, ही प्लेट...?"

"तेवढेच दिवस पुढे ढकलले," सासरे म्हणाले.

"मला तर तिनेच सांगितलं होतं," जावई पुटपुटला. 'ती', म्हणजे बायको, चहाचे कप न्यायला आली होती आणि आता दाराआड अर्धीच दिसत होती.

सासूबाई सतरंजीवर बसल्या, नवऱ्याच्या हातातला पाना घेतला आणि मागचे दोन्ही बोल्ट स्वतः आवळले.

"शेकडो मुलं नेली मी त्या खिंडीत सहलीला," पाना फिरवता फिरवता त्या म्हणाल्या. "ती डोंगर बघायची आणि मी त्यांची डोकी मोजायची. मला एकदा नुसता डोंगर बघायचाय."

"मग उद्या बसने जाऊ की," सासरे आशेने म्हणाले.

"बसमधून पुढच्याचं डोकंच दिसतं." त्या उठल्या आणि हात पुसले. "तुम्ही घरीच थांबा. भ्यायलेल्या माणसामागे मी बसत नाही. जावईबापू, तुमच्याकडे लायसन्स आहे ना?"

"कॉलेजात असताना काढलं होतं. पण त्यानंतर..."

"आहे की नाही?"

"आहे."

त्याने बायकोकडे पाहिले, पाण्यात गटांगळ्या खाणारा काठाकडे पाहतो तसे. ती पुढे आली आणि बाबांचे हातमोजे त्याच्या हातात चढवू लागली.

"अगं, तूच म्हणाली होतीस ना, त्या रस्त्यावर..."

"माझं म्हणणं बाबांपुरतं होतं," ती म्हणाली. "तू तर सायकलसुद्धा केवढी जपून चालवतोस."

गाडी सुरू झाली. मागे सासूबाई बसल्या, शाळेची घंटा व्हायची वाट पाहणाऱ्या मुलीसारख्या. सासरे जवळ आले. इतक्या दिवसांत ते प्रथमच ताठ उभे होते, चेहऱ्यावर तजेला होता. हेल्मेटचा पट्टा आवळण्यासाठी त्यांनी जावयाच्या हनुवटीखाली सराईत बोटे सरकवली.

"बाबा, दगड उडाले तर?"

"इंजिनाला काही होणार नाही. प्लेट आहे."

"आणि इंजिनाच्या वर?"

सासऱ्यांनी त्याच्या डोळ्यांत क्षणभर पाहिले.

"जबडा सैल सोडा," दात उपटण्याआधी पेशंटला सांगत तसे ते हळुवारपणे म्हणाले आणि दोन पावले मागे सरले.