लखूबाबांची आणेवारी

लखूबाबांनी माझ्या लग्नाला साडेअकरा आणे दिले. आहेर म्हणून नव्हे, लग्न तेवढ्याच लायकीचं झालं होतं. "जेवण तेरा, वाजंत्री नऊ, नवरी चौदा. तुम्ही दहावर ऱ्हायलात, भाऊसाहेब," असं त्यांनी भर मांडवात सासऱ्यांदेखत सुनावलं.

तेव्हा मी उमरठच्या बाजूला तलाठी होतो. भातकापणीआधी महाडहून सर्कलसाहेब यायचे आणि गावाच्या पिकाची आणेवारी ठरायची. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे. चार आण्यांच्या आत उतरलं, तर सरकार त्या सालचा शेतसारा सोडायचं. साहेबांबरोबर गावातर्फे पंच म्हणून लखूबाबा. एकटा जीव, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, दातात कायम भाताची एक लोंबी. पिकं जोखता जोखता त्यांनी सगळ्या जगाचीच आणेवारी करून टाकली होती. पोलादपूरचा बाजार आठ आणे, माझं अक्षर सात. सोळा आणे मात्र कशालाच नाहीत.

पण खोटं बोलायचे नाहीत. पीक दहा आणे असलं की दहाच सांगायचे, मग गाव कितीही चिडो. मला हा माणूस फार आवडायचा. आमच्या खात्यात असा एकही नव्हता, मी धरून.

एका साली ऐन पोटरीला, लोंब्या बाहेर पडायच्या वेळीच, पाऊस तुटला. गावभर लोंब्या पोचट निघाल्या. हिरवंगार राहिलं ते एकच शेत, वेशीजवळच्या झऱ्याखालचं, लखूबाबांचं. आणि साहेबांची रीत अशी, की घोड्यावरून उतरायचंच नाही. वेशीवरचं पहिलं शेत बघायचं, आकडा सांगायचा आणि माझ्याकडे चहाला यायचं.

गाव पारावर जमलं. शेजारची काशीबाय म्हणाली, "बाबा, साहेबाला वरच्या वाटनं आणा. तुमचं भात बघून आमच्यावर सारा बसंल. माझा बैल जाईल वो."

"वाट चुकवायची? ती बी लबाडीच गो."

"मंग तुमचं पीक कमी सांगा."

"बारा आणे हाय. बाराच सांगनार."

त्या दिवसापासून गाव त्यांच्याशी बोलेनासं झालं. मलाही पहिल्यांदाच त्यांचा राग आला. खरेपणाच्या हट्टालाही काही मर्यादा असावी की नाही!

चौथ्या दिवशी साहेब आले. वेशीवर घोडा थांबला आणि मी बघतच राहिलो. दाण्यात नुकतं दूध भरलेलं ते सगळं भात कापून आडवं झालं होतं आणि गावची गुरं त्यात मनसोक्त चरत होती. बांधावर लखूबाबा विळा घेऊन उभे.

"हे शेत किती आणे?" साहेबांनी विचारलं.

"शून्य, साहेब. बघून घ्या."

साहेबांना जन्मात पहिल्यांदा घोड्यावरून उतरावं लागलं. लखूबाबांनी त्यांना बांधाबांधानं फिरवलं, लोंब्या चोळून तळहातावर दाखवल्या. "हा तीन. हा अडीच." एक अक्षर खोटं नव्हतं. गावाला सूट मिळाली.

"बाबा, ही लबाडी नाही का?" मी नंतर विचारलं.

"गावात पीक नव्हतंच. येकटं माझं शेत साहेबाला खोटं सांगनार होतं. त्याचं त्वांड बंद केलं."

दिवाळीनंतर एकदा दुपारी त्यांच्याकडे गेलो. चुलीवर भात रटरटत होता. हा कुठला, असं विचारलं, तर म्हणाले, घराघरातून मूठमूठ आलाय. काशीबायनं तर दोन मुठी आणल्या होत्या. तांबडा, पांढरा, कणी, सगळं एकाच मडक्यात. अर्धा कच्चा, अर्धा गिजगोळा. माझ्यापुढेही पान मांडलं. खरं सांगायचं तर भात चार आण्यांचाच होता.

"किती आणे, बाबा?" मी मुद्दाम डिवचलं.

लखूबाबांनी तोंडातला घास गिळला. मग चुलीकडे तोंड फिरवून, उगाच लाकडं सारत म्हणाले,

"ह्याची आणेवारी नाय करायची, भाऊसाहेब. जेवा."