नानांचा हिट अल्बम

आमच्या रनाळ्यात पेढे वाटायची कारणं ठरलेली. पोरगा झाला, नोकरी लागली, नाहीतर आपल्या पॅनलचा सरपंच झाला. समोरचे दगानाना मात्र तिकडे पोर्तो रिकोच्या एका रेगेटॉन गायकाचा अल्बम आला की पेढे वाटतात.

"हिट शे!" दारातूनच ओरडतात. "आपला गडीना नवा अल्बम. ल्या, तोंड गोड करा."

डोक्यावर पांढरी टोपी, वय सत्तरीच्या घरात, जन्म वायरमन म्हणून खांबांवर चढण्यात गेलेला. गड्याचं नाव मी लिहीत नाही. नाना ते ज्या तऱ्हेनं घेतात, ते ऐकून तो स्वतःसुद्धा ओ देणार नाही.

"नाना, त्याची भाषा तरी समजते का हो?" मी एकदा विचारलं.

"समजाले काय लागस? ढोल वाजना की पाय उचलतस!"

पायांचं म्हणाल, तर पुतण्याच्या वरातीत त्यांनी बँडवाल्याला गड्याचंच गाणं वाजवायला लावलं. क्लॅरनेटवाला घामाघूम! वऱ्हाडी मात्र अहिराणी गाणं समजून बेफाम नाचले, शेवटी वरमाईसुद्धा उतरली. पारावर लोक कापसाचा भाव विचारतात आणि नाना गड्याचा अल्बम कितव्या नंबरावर ते सांगतात. आता काय बोलायचं या माणसाला?

एक कोडं मात्र मला सुटेना. मागच्या खेपेला अल्बम जगात पहिल्या नंबरावर, नंदुरबारच्या पोरांच्या मोबाइलवरही तोच. मी आपली पेढ्यांच्या आशेवर, तर नाना ओट्यावर तोंड पाडून बसलेले.

"फ्लॉप शे," म्हणाले.

"गड्याला कळवू का, नाना?" मी खूप चिडवलं. ते हसले नाहीत.

परवा पुन्हा नवा अल्बम आला. दुपारी भाजीची वाटी द्यायला गेले, तर पेढ्यांचा खोका सुतळीसकट मांडीवर आणि त्याच्यावर मोबाइल.

"वाटा की आता!"

"थांब माय. हिट व्हऊ दे."

तेवढ्यात मोबाइल वाजला. त्यांचा मुलगा योगेश, स्पेनमध्ये नोकरीला असतो तो. नानांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालूच असतो.

"दादा, ऐकं का?"

"ऐकं रे भाऊ! दुसरं गानं भारी शे. तिसरं जरा ढिलं."

"नही दादा, तिसरंच भारी शे!"

त्या तिसऱ्या गाण्यावरून बापलेक असे भांडले, जणू बांधाचा वाद! शेवटी योगेश म्हणाला, "जेवना का, दादा?"

"जेवनू." फोन बंद झाला.

नानांनी मोबाइल परत खोक्यावर ठेवला.

"तुन्ही नानी व्हती तवय फोन तिनाच. मी नुसता 'ले, मायशी बोल' म्हनू. ती गई, आन् आम्हले बोलाले काहीच उरनं नही. मंग योगेशनी एक दिन या गडीनं गानं धाडं." मग हळूच म्हणाले, "मागला बखत अल्बम उना, फोन उना नही."

फोनच आला नव्हता, म्हणून फ्लॉप! माझी चेष्टा माझ्याच जिभेला चटका देऊन गेली. फार वाईट वाटलं. सुतळीची गाठ नानांना सुटेना, म्हणून मी पुढं होऊन सोडली.

"तिसरं बी भारीच शे," पहिला पेढा माझ्या हातावर ठेवत नाना म्हणाले. "पन 'हा' म्हनी दिधं तर फोन लगेच सरी जास."

मग टोपी नीट केली आणि खोका घेऊन ओरडत गल्लीत उतरले, "हिट शे!"