पंधराशे ग्रॅमचा न्याय

मी गेले होते ह्यांचा विसरलेला चष्मा द्यायला आणि परत आले ती पंच होऊन. मधल्या दोन तासांत काय झालं ते सांगते. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही हेच केलं असतं. (केलं नसतं, तर तुमचं चुकलं असतं.)

आमचे हे जन्मभर कारखान्यात लेथवर उभे राहिले. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे धरून बसतात, ह्यांनी रिमोट धरला. एका जुन्या गोदामाच्या मागे मोकळी जागा आहे, तिथे मातीचा ट्रॅक केलाय. वळणं, चढ, उतार सगळं व्यवस्थित. दर रविवारी सकाळी अकरा मोठी माणसं लाकडी माचावर ओळीने उभी राहतात आणि खाली हातभर लांबीच्या गाड्या रिमोटने पळवतात. क्लब आहे म्हणे. आमचे जावईही त्याच क्लबात. लग्न ठरवताना मुलाला व्यसन नाही ना, एवढं मी विचारलं होतं. हे विचारायचं राहिलं.

तर मी चष्मा घेऊन पोचले, तेव्हा शर्यत नुकतीच सुटत होती. ती संपली आणि भांडण जुंपलं. फेऱ्या मोजायचं यंत्र मधेच बंद पडलेलं आणि जिंकलं कोण ते कुणालाच माहीत नाही. क्लबाचे अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. ते म्हणत होते, "पहिला मीच. अध्यक्ष म्हणून मी तसा निर्णय देतो."

"तुमच्याच शर्यतीचा निर्णय तुम्हीच?" जावई म्हणाले.

"मग कोण देणार? इथे उभा असलेला प्रत्येक जण शर्यतीत होता!"

मी आपली शर्यतभर बाकावर बसून बघत होते. मला लिहिता-वाचता येत नाही, आकडे तेवढे येतात. पण एकदा पाहिलं की ते माझ्या डोक्यातून जात नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, तुमची पांढरी गाडी चौथ्या फेरीत टायरच्या ढिगाला आपटली. तेवढ्यात निळी पुढे गेली. सातव्या फेरीत तुम्ही निळीला गाठलं, पण वळण सोडून आतल्या बाजूने आलात. निळी पहिली, पिवळी दुसरी, तुम्ही तिसरे. आमचे हे सहावे."

मग एकाला आठवलं, त्याने माचाला मोबाइल बांधून शूटिंग चालू ठेवलं होतं. ते लावून पाहिलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

"अगं, सहावा कसा? पाचवा असेन," हे हळूच म्हणाले.

"सहावे," मी म्हटलं. "पाचवी गाडी टोपीवाल्याची."

आपल्या नवऱ्याला सहावा म्हणणारी बाई बघून माणसांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याच दिवशी मला खुर्ची, छत्री आणि शिट्टी मिळाली.

पंच झाल्यावर पहिलं काम मी काय केलं असेल? नियमांचं पुस्तक जावयांकडून एकदा मोठ्याने वाचून घेतलं. एकतीस नियम. एकदाच ऐकले, बस्स. पुढे कुणी भांडायला लागलं की बाकीचे पानं उलटत बसायचे आणि मी तोंडपाठ सांगून मोकळी. डॉक्टरांची एक खोड होती. हरले की पुढच्या रविवारी नियम बदलायचा. मऊ टायर घातलेला जिंकला, मऊ टायर बंद. मी म्हटलं, "पत्ते वाटून झाल्यावर हुकूम बदलायचा नाही. नवा नियम काढा, अवश्य काढा, पण तो लागू पुढच्या वर्षी." त्यांचं नियम काढणं तिथेच थांबलं.

मग गट पाडायचा प्रश्न. कोण कुणाविरुद्ध पळणार हे डॉक्टर ठरवायचे आणि स्वतः नेमके कच्च्या गड्यांत जाऊन बसायचे. माझी दोन पोरं लहानपणी खाऊवरून भांडायची, तेव्हा मी एकाला वाटे करायला लावायची आणि दुसऱ्याला आधी उचलायला. तेच इथे लावलं. "गट तुम्हीच पाडा डॉक्टर, पण तुमची जागा सगळ्यात शेवटी, उरेल ती." त्या रविवारी असे काटेकोर गट पडले, की तराजूत घालून घ्यावेत.

सांगायचा मुद्दा, क्लब माझ्यामुळे सरळ चालायला लागला. हे मी म्हणत नाही, सगळे म्हणायचे. (मी फक्त त्यांना आठवण करून द्यायची.)

घरात मात्र माझा दंडक होता, ट्रॅकचा विषय काढायचा नाही. ह्यांना ते फार जड जायचं. सहा वर्षांत ह्यांनी एकदाही कप जिंकलेला नव्हता. त्यात डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलेलं, मोतिबिंदू पिकतोय, आतला पडदाही कमजोर आहे, ऑपरेशननंतर लांबची पळती गाडी पूर्वीसारखी दिसेलच असं नाही. म्हणजे हा हंगाम बहुधा शेवटचा. आणि नेमके ह्याच हंगामात हे अंतिम फेरीत पोचले. पोचले ते एकटे नाहीत, तिघे. हे, जावई आणि दातांचे डॉक्टर.

शनिवारी जेवताना हे म्हणाले, "उद्या जरा…"

"कामाचं घरात नको."

"अगं, मी फक्त म्हणतोय, उद्या जरा लवकर उठव."

"मग तसं बोला की."

दुपारी हे झोपले. गाडी स्वयंपाकघराच्या टेबलावर, वर्तमानपत्रावर ठेवलेली. चिखलाने नुसती माखलेली! मला ते बघवेना. उद्या चार लोकांसमोर ही गाडी जाणार आणि लोक म्हणणार काय? पंचाच्या घरात फडकं नाही? मी जुना टूथब्रश घेतला आणि बसले. वरून घासली, चाकं घासली, उलटी करून खालून घासली. पोटाशी चार चौकोनी ढेकळं चिकटलेली, करडी, टणक. ब्रशने निघेनात. सुरीच्या पाठीने खरवडून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. डबा गेला कचरागाडीवाल्याकडे. गाडी अशी चकचकीत दिसायला लागली, की दुकानातून आत्ता आणलीय.

संध्याकाळी हे उठून बघतात तो काय! "तू केलंस?"

"मग काय ती आपोआप झाली?"

ह्यांनी प्रेमाने माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत तिसऱ्यांदा.

रविवारी शर्यत सुरू झाली आणि ह्यांची गाडी सुटली ती सुटलीच. चढावरून उडी मारायची, तर बाकीच्यांपेक्षा वीतभर लांब पडायची. वळणावर जावई चिकटले, मागे पडले. डॉक्टर तर अर्धी फेरी मागे. मी खुर्चीत ताठ बसून होते. पंचाने आनंद दाखवायचा नसतो. मी फक्त छत्रीची मूठ घट्ट धरली होती. (नंतर कळलं, ती मोडली.) शेवटची फेरी, शेवटचं वळण, आणि हे पहिले! माचावर हे लहान पोरासारखे उड्या मारत होते. जावयांनी वाकून नमस्कार केला. मीही शिट्टी जरा जास्तच लांब वाजवली.

मग आला वजनकाटा. पहिल्या तिन्ही गाड्यांचं वजन शर्यत संपल्यावर करायचं, हा नियम अकरावा. पंधराशे ग्रॅमपेक्षा हलकी गाडी बाद, कारण हलकी गाडी जास्त पळते. जावयांची पंधराशे बारा. डॉक्टरांची पंधराशे सहा. मी ह्यांची गाडी ठेवली.

चौदाशे बावन्न.

काढून पुन्हा ठेवली. चौदाशे बावन्न. काट्याला टिचकी मारली. तोही माझ्यासारखाच, शब्दाचा पक्का.

"काल सकाळी मी स्वतः मोजली होती!" हे ओरडले. "पंधराशे चार भरली होती!" त्यांनी गाडी उलटी केली आणि खाली बघतच राहिले. "शिसं कुठं गेलं?"

"कसलं शिसं?" मी विचारलं.

"अगं, वजन भरावं म्हणून चार तुकडे चिकटवले होते पोटाशी. चौकोनी. करडे."

इथे मला घाम फुटला. उन्हामुळे असेल.

डॉक्टर पुढे झाले. "म्हणजे सकाळी वजन दाखवायचं आणि शर्यतीआधी शिसं काढून टाकायचं! हा नियम सव्विसावा. मुद्दाम फसवणूक. दोन वर्षं बंदी. बरोबर ना, पंच?"

नियम बरोबर होता. दोन वर्षं म्हणजे ह्यांची कायमचीच सुट्टी. लेथवर चाळीस वर्षं केसाएवढ्या फरकाचा माल परत पाठवणारा माणूस, त्याला कुणी चोर म्हणत होतं आणि तो नुसता उलट्या गाडीकडे बघत होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. गप्प बसले असते तर माझी खुर्ची राहिली असती. छत्रीही, मोडकी का होईना.

मी उभी राहिले. "शिसं मी काढलं."

"तू?" हे म्हणाले.

"चिखल समजून. सुरीने खरवडलं. ह्यांना काही ठाऊक नाही, हे घोरत होते. तेव्हा सव्विसावा नियम ह्यांना लागत नाही. अकरावा लागतो. गाडी हलकी आहे, गाडी बाद. कप जावईबापूंचा."

"आई, मी नाही घेणार," जावई म्हणाले. चेहरा असा पडलेला, की कुणी त्यांचाच दात काढलाय. "बाबांनी जिंकलंय ते."

"घ्यायचा. मी खुर्चीत आहे तोवर नियम चालणार, सासूची माया नाही."

"मोठ्या धूर्त आहात हो," डॉक्टर हसले. "कप फिरून तुमच्याच घरात!"

"तुमच्या घरात यायला तुम्हाला जावयांच्या पुढे यावं लागतं डॉक्टर. अर्धी फेरी कमी पडली तुम्हाला."

त्यावर हशा झाला. वातावरण जरा माझ्याकडे झुकलंय असं मला वाटलं. आणि तिथेच मी, अति शहाणपणाने म्हणा, पुढचं पाऊल टाकलं. न्याय करायचा तर स्वतःपासून. लोकांच्या मनात माझं नाव कोरलं जाईल, अशा आवाजात मी म्हटलं, "आता उरला नियम सतरावा. पंचाने कुणाच्याही गाडीला हात लावला तर त्याने खुर्ची सोडायची, सभासदांनी हात वर करून ठरवलं तर. मी स्वतःच ठराव मांडते. पंचाला काढावं."

आणि मी थांबले. आता कुणीतरी म्हणणार, "अहो आजी, काय हे! तुमच्याशिवाय क्लब कसा चालणार?" कमीत कमी जावई तरी. मी नम्रपणे नको नको म्हणायचं, त्यांनी आग्रह करायचा, मग मी खुर्चीत पुन्हा बसायचं. सगळं माझ्या डोक्यात तयार होतं.

एक कावळा ओरडला. बाकी कुणी नाही.

"ठरावाला ज्यांचा पाठिंबा आहे त्यांनी हात वर करा," मी म्हटलं, आवाज जरा कमी करून.

अकरा वर्षं झाली क्लबाला. तिथे टायरवरून, बॅटरीवरून, बाकाच्या रंगावरूनसुद्धा कधी एकमत झालेलं नाही. पण त्या सकाळी भराभर हात वर गेले. जावयांचाही गेला, जमिनीकडे बघत. मोजायचं काम पंचाचंच, म्हणून शेवटचं ते मीच केलं. माणसं अकरा, हात बारा. माझी मोजणी कधी चुकत नाही, तरी पुन्हा मोजले. बाराच.

आमच्या ह्यांनी दोन्ही वर केले होते.